रिमोट कोणाच्या हातात

रवि. ४ जाने. २००४
आज पण शेवटून पहिला. रिमोटची गाडी सोडली की पहिल्याच वळणावर ढुंगण फिरवते आणि माझ्याकडे तोंड करून उभी राहते. लोक हसतात. मेलविन हसत नाही, तो खोकतो. ते जास्त लागतं.
हीच गाडी मेलविनकडून सेकंडहँड घेतली तेव्हा त्याच्या हातात मस्त पळायची. तो माझगावचा, गोदीत क्रेन चालवतो आणि दर रविवारी आमच्या रेस भरवतो. खोटं बोलणारा माणूस नाही. म्हणजे गाडी ठीक आहे, सेटिंगमध्ये झोल आहे. तिसरी शक्यता मी लिहिणार नाही.
२२ फेब्रु.ला मोठी रेस. तिथेच, बाबांच्या मिलच्या आवारात. म्हणजे आता ऑफिसांचं पार्किंग आहे तिथे, रविवारी मोकळं असतं. सगळ्यात फास्ट दहा गाड्या फायनलला. मला त्या दहांत उभं राहायचंय, हातात रिमोट घेऊन. बस. बाकी काही मागणं नाही.

मंगळ. ६ जाने.
प्रेसमधून सुटलो तो नेहमीसारखा थेट चाळीच्या कॅरमखोलीत. अख्ख्या चाळीत सपाट वस्तू एकच, बंड्याकाकांचा कॅरमबोर्ड. आमच्या खोलीची लादी एवढी उताराची की वाटाणा ठेवला तर मोरीत जाऊन पडेल. आणि गाडीची सेटिंग सपाटीवरच करायची, नाहीतर चारातलं एक चाक अधांतरी राहतं आणि आपल्याला कळतही नाही.
बोर्डावर गाडी ठेवली. स्क्रूड्रायव्हरच्या टोकानं नाक मधोमध उचललं, पुढची दोन्ही चाकं एकदम सुटतात का बघितलं. डावं आधी सुटत होतं. स्प्रिंग अर्धा आटा पिळली. मग पोटाखालून पेन्सिल जाते का ते. मग चाकं वरून जरा आत झुकवली, त्याला कँबर म्हणतात. बंड्याकाका म्हणाले, "कँबर काय, कंबर हलव लवकर, पोरं खेळायला थांबलीयत."
माणूस कटकट्या, पण रविवारी सकाळी बोर्ड देतो म्हणाला. रेसच्या तिथल्या टेबलांचा भरवसा नाही, बोर्डच घेऊन जायचा. टॅक्सीच्या टपावर.

रवि. ११ जाने.
हे लिहू की नको.
लिहितो. सकाळी तीनदा गाडी सोडली, तिन्ही वेळा ती घसरली. दर वेळी परत बोर्डावर घेतली, काहीतरी बदललं, पुन्हा सोडली, पुन्हा घसरली. मागची स्प्रिंग मऊ केली, कडक केली, शॉकमधलं तेल बदललं, वजनाची पट्टी इकडची तिकडे चिकटवली. डोक्याची मंडई झाली. शेवटी वैशालीला म्हटलं, धर हा रिमोट, मी चहा घेऊन येतो. धर म्हटलं होतं. चालव नाही.
चहा घेऊन येतो तो काय, बायको ड्रायव्हर उभे राहतात त्या उंच फळीवर उभी, पदर खोचलेला, जीभ दातात, आणि गाडी गोल गोल गोल. एकदाही घसरली नाही. मेलविन स्टॉपवॉच घेऊन उभा. मला बघून खोकला.
"शशा, ही तर सोप्पी आहे रे!" ती वरून ओरडली.
चहा सांडला माझ्या हातून. अर्धा.

सोम. १२ जाने.
वै.शी (पूर्ण नाव लिहायचा मूड नाही) बोलत नाहीये. तिच्या लक्षातच आलेलं नाही. खुशाल गुणगुणत बांगडे साफ करतेय. शीव कोळीवाड्याची मुलगी, मासे हातात आले की जगाचा विसर पडतो तिला.
बाबांना सगळं सांगितलं तिनं, ते पण हातवारे करून. बाबांसमोर ती मला "अहो" म्हणते, त्यामुळे ऐकायला अजूनच वाईट वाटत होतं. "अहोंची गाडी घसरत होती ना, मग मी..."
बाबा मला म्हणाले, "मेल्या, तुझ्यापेक्षा सुनेचो हात बरो आसा."
स्वतःचा बाप!

शनि. १७ जाने.
सापडलं!! सापडलं सापडलं सापडलं.
संक्रांतीची हळदीकुंकवं चालू आहेत, वै. काळी साडी नेसून खालच्या मजल्यावर निघाली होती. जाताना मला कॅरमखोलीत हाक मारायला आली, कारण मी जेवायला जात नव्हतो. रागावून गाडी बोर्डावरून उचलली आणि कमरेशी धरली, "आता हिला ओवाळू का?" म्हणाली. आणि मग किंचाळली. नवीन काळ्या साडीवर पांढरेफेक दोन पट्टे.
बोरिक पावडर. कॅरमची! सोंगट्या सरकाव्यात म्हणून काका बोर्डावर मूठमूठ ओततात ती. मी महिनाभर त्याच बोर्डावर गाडी ठेवून चाकांना पावडर लावतोय आणि मग डांबरावर सोडून विचारतोय, का गं बाई घसरतेस? दर वेळी सेटिंग बदलायला परत बोर्डावर, म्हणजे दर वेळी पावडरचा ताजा हात. सोंगटी करून टाकली होती गाडीची.
वै. साडी झटकत शिव्या देत होती आणि मी नाचत होतो. बंड्याकाका म्हणाले, "याला झालंय काय?" ती म्हणाली, "जन्मापासून आहे ते."
आणि मग अजून एक गोष्ट लक्षात आली, त्यानं तर डबल आनंद झाला. रविवारी वै.नं गाडी एकदाही बोर्डावर आणली नव्हती. नुसती फिरवत राहिली, चार फेऱ्यांत पावडर उडाली, पुढे गाडी डांबराला धरून. म्हणजे हात बरा बिरा काही नाही! पावडर नव्हती, एवढंच! उद्या दाखवतो बाबांना.

रवि. १८ जाने.
बोर्डावर जुनं प्लास्टिकचं मेणकापड अंथरलं. टायर ओल्या फडक्यानं पुसले, सुकवले. गाडी सोडली. आयला, काय धरते! वळणात नाक घातलं की मागचं निमूट मागून येतं. माझ्या आतापर्यंतच्या सगळ्यात फास्ट फेऱ्या. मेलविननं पाठीवर थाप मारली, "अब आया लाइन पे." छाती अशी फुगली की शर्टाचं बटण सुटेल.
मग मी मोठेपणानं म्हटलं, वै., तू पण चालव ना.
कशाला म्हटलं.
माझ्यापेक्षा फेरीला पुरा एक सेकंद कमी. तीच गाडी, तेच टायर, पावडर नाही, काही नाही. मेलविननं स्टॉपवॉच मला दाखवलं नाही, खिशात टाकलं. मी म्हटलं दाखव. म्हणाला, "रहने दे ना शशी, संडे है."
घरी येताना टॅक्सीत वै. म्हणाली, "गप्प का?" म्हटलं, बोर्ड पडेल म्हणून लक्ष ठेवतोय.

गुरु. २२ जाने.
प्रेसमध्ये कॅलेंडरांचं उरलेलं काम. मशीन चालू असताना सारखं डोक्यात तेच. ती ब्रेक कधी मारते? मारतच नाही बहुतेक. मी वळणाच्या आधी घाबरतो, वळणात घाबरतो, वळण संपल्यावर खूश होऊन जोरात दाबतो आणि फिरतो. ती नुसती सोडते, वळते, दाबते. स्कूटरवर मागे बसून मला ओरडते तसं नाही, एकदम शांत.
मला चालवायला आवडतं. तिला चालवता येतं. हा काय न्याय झाला?

रवि. २५ जाने.
आज बाबा आले. स्वतःहून. संपानंतर बाबा या आवारात पाय ठेवत नव्हते. मिल बंद, मग सोसायटीत वॉचमनकी, इतकी वर्षं समोरच्या फूटपाथनं जातात पण या भिंतीला लागून नाही. मी बोलावलं होतं तेव्हा म्हणाले होते, "पार्किंग काय बघूचा?" पण वै. डबा विसरली (विसरली म्हणे!) आणि बाबा डबा घेऊन गेटपर्यंत आले. मग गेटच्या आत. मग मिलच्या धुराड्याकडे बघत चांगला वेळ उभे. मग म्हणाले, "एवढासा होता हां? माका मोठा वाटायचा."
आणि मग सुटलेच. ट्रॅकवर चालत निघाले, डोक्यावर टोपी, हातात डबा, आणि प्रत्येक वळणाला नाव. ही लांब सरळ म्हणजे त्यांचं लूमखातं. पहिलं वळण कार्डिंग, तिथे कापसाची धूळ इतकी की समोरचा दिसायचा नाही. मग रिंगखातं, सूत कातायचं, तिथे दुहेरी वळण. शेवटचं आखूड वळण म्हणजे कॅन्टीन, "हय सगळे वेगान येवचे नि हय सगळे आपटायचे, चायसाठी." मेलविननं रेस थांबवली होती. दहाबारा पोरं, सगळी मागे मागे.
वै.नं लगेच उचललं. फळीवर उभी राहून, "बाबा, कार्डिंगला आतून की बाहेरून?" आणि बाबा भिंतीवर बसून, "रिंगाक सांबाळून गो बाय! कॅन्टिनात घाई करू नको!" आता सगळेच तशी नावं घेतात. माजिवड्याचा एक मुलगा आपटल्यावर म्हणाला, मेरा कॅन्टीन में गया.
फार फार मजा आली. इतकं हसताना बाबांना कधी पाहिलं, आठवत नाही. घरी येऊन झोपलेत, घोरतायत.

रवि. १ फेब्रु.
मोठ्या रेसची नावनोंदणी. एका गाडीला एक ड्रायव्हर. मेलविननं पेन पुढे केलं.
मी माझं नाव लिहिलं.
वै. शेजारीच होती, बॅटरी फुंकून गार करत. "बॅटरी झाली," एवढंच.
तिनं भांडायला हवं होतं. भांडली असती तर मी जिंकलो असतो, मला सवय आहे.

मंगळ. ३ फेब्रु.
तिनं आज विचारलं, "तुझ्या हाताला कशी पाहिजे गाडी? सांग, मी बघते स्क्रू." माझ्या हाताला! मी तर तिच्या हाताला धरूनच सेटिंग करायला लागलो होतो, माझं मलाच कळलं नाही. दोन आठवडे तिला विचारून विचारून. ती म्हणायची, "मागचं पापलेटासारखं सटकतं," म्हणजे मागची स्प्रिंग मऊ करा. "नाक दुखल्यासारखं वळते," म्हणजे पुढचा कँबर वाढवा. "खड्ड्यात बसल्यासारखी उठत नाही," म्हणजे शॉकमध्ये पातळ तेल. आता गाडीला चांगलं काय ते मला तिच्याच भाषेत कळतं. माझ्या स्वतःच्या बोटांचं मला काहीच सांगता येत नाही, नुसतं फास्ट पाहिजे एवढं.
म्हटलं, आहे तशीच राहू दे.

रवि. ८ फेब्रु.
मी चालवली. चांगली चालवली. कार्डिंग बरोबर, रिंग बरोबर, कॅन्टीनला एकदाच भिंत. मेलविनच्या हिशेबानं मी बाराव्या तेराव्या नंबरला बसतोय. फायनल दहाची.
वै. खाली उभी राहून माझी उलटलेली गाडी सरळ करायला धावत होती. साडी वर खोचून, चपला हातात. प्रत्येक वेळी गाडी सरळ केली की माझ्याकडे बघून अंगठा दाखवायची. मला रडू यायचं बाकी राहिलं. लाज वाटली, स्पष्ट लिहितो.

बुध. ११ फेब्रु.
सुट्टी टाकून माझगावला मेलविनकडे गेलो. बायकोनं केलेल्या केकचा तुकडा दिला त्यानं. म्हटलं, नाव बदल. वैशाली लिही. तो म्हणाला, "तेरा काट दूँ?" मी केक बशीत कुस्करत बसलो. मग त्यानंच तोडगा काढला, माणूस सोन्यासारखा. नाव दोघांचं लिहू, प्रत्येक रेसला दोघांतला एक कोणीतरी चालवेल, पण मध्येच बदलायचं नाही.
घरी येऊन वै.ला सांगितलं. म्हटलं, क्वालिफाय तू कर.
"आणि तू?"
"मी स्क्रू."
ती कणीक मळत होती, तशीच पिठाच्या हातांनी माझे दोन्ही गाल धरले. बाबा आत आले. तिनं पटकन "अहो, सरका," म्हटलं. बाबा म्हणाले, "चलू दे, चलू दे, माका दिसणा नाय."
हलकं वाटतंय. खरंच. प्रेसमध्ये उद्या सगळ्यांना सांगणार, माझी बायको रेस चालवते.

रवि. १५ फेब्रु.
सराव. ती चालवते, मी खाली. उन्हात डांबर तापलं की मागचं मोकळं होतं, सकाळचं सेटिंग दुपारी चालत नाही. आता कळतंय मला, नुसतं ऐकून. मोटरचा आवाज कॅन्टीनच्या आधी जरा लवकर पडला तर समजायचं, हिचा गाडीवर विश्वास नाहीये. मग बोलवायचं, मागची उंची पेन्सिलीएवढी परत बघायची, पुन्हा सोडायचं. मग आवाज उशिरा पडतो. तो आवाज उशिरा पडला की मला जो आनंद होतो तो मी कोणाला सांगू?

शनि. २१ फेब्रु.
सासूबाई आल्या कोळीवाड्याहून, टोपलीत कोलंबी आणि वर नारळ. जावयाची नवीन गाडी म्हणे, पूजा झाली नाही अजून. म्हटलं, सासूबाई, ही खेळण्यातली. "चाकं हायेत ना चार?" संपला विषय. कुंकू लावलं, अँटेनाला झेंडूचं फूल. नारळ फोडताना मी गाडीवर आडवा झालो, पाणी आत गेलं असतं तर सर्किटची काशी झाली असती. पाणी माझ्या पाठीवर.
मग चार चाकांखाली चार लिंबं. ट्रकला ठीक आहे हो! गाडी लिंबांवर चढून बसली, चाकं हवेत, नुसती गरगर. सासूबाई म्हणाल्या, "ताकद नाय हिच्यात." वै. हसून हसून खाली बसली. शेवटी बंड्याकाकांनी लिंबं अर्धी कापून दिली, मग चिरडली कशीबशी. टायर तीनदा पुसले.
उद्या.

रवि. २२ फेब्रु., सकाळ
पार्किंगमध्ये बसून लिहितोय, डायरी खिशात आणलीय. चाळ निम्मी आलीय. बाबा धुतलेला सदरा घालून भिंतीवर, शेजारी सासूबाई, दोघांचं एकमेकांना काही कळत नाही आणि दोघं बोलतायत. वै. फिकट पडलीय, पण गडबडत नाहीये. माझ्या हातून एक स्क्रू दोनदा खाली पडला, म्हणून बाकीचे तिला पिळायला लावले.

त्याच दिवशी, दुपार
दहावी!!! दहावा नंबर! शेवटच्या फेरीत कॅन्टीनला पुढचा आपटला आणि ती आतून, हळूच, चहाची घाई नसल्यासारखी निघून गेली. फायनलमध्ये आहोत. फळीवरून उतरताना "शशा!" म्हणून ओरडली ती, बाबांसमोर, अख्ख्या लालबागसमोर. बाबा उठून टाळ्या वाजवतायत. मेलविन खोकला नाही, चक्क शिट्टी मारली. माझा घसा बसलाय.

तिथेच, थोड्या वेळानं
आता हे काय नवीन.
फायनलच्या आधी लहान गाड्यांची रेस चाललीय. आम्ही दोघं धुराड्याच्या सावलीत पायरीवर. बॅटरी चार्ज होतेय. वै.नं रिमोट माझ्या मांडीवर ठेवला.
"फायनल तू चालव."
म्हटलं, वेडी आहेस का.
"दहांत उभं राहायचं होतं ना तुला, हातात रिमोट घेऊन? जा, उभा राहा. मी आणलं इथवर."
"शेवटचा येईन मी."
"आत्ता पण शेवटचेच आहोत आपण. दहावे."
ती म्हणाली, "हे बघ, मी दया बिया करत नाहीये. तू खाली उभा असलास की मला बरं वाटतं. तसं तुला पण वाटू दे एकदा, मी खाली असले की."
हे ऐकून मला काय झालं कसं लिहू. गेले दीड महिने हेच पाहिजे होतं. ह्याच्यासाठी तोंड पाडून हिंडलो, स्वतःच्या बापावर रुसलो. आणि आता रिमोट मांडीवर आहे तर मला ती चालवताना बघायचीय. कॅन्टीनच्या आधी तो आवाज उशिरा पडतो तो ऐकायचाय. देवाशपथ, तेच जास्त पाहिजे. आणि तरीही बोट त्या ट्रिगरवर गेलंय, ते काय काढवत नाही. मला दोन्ही पाहिजे. माणसाला दोन्ही का मिळू नये?
रिमोट उचलून दोघांच्या मध्ये पायरीवर ठेवला. म्हटलं, तू घे. ती म्हणाली, तू. मग दोघंही हसायला लागलो, थांबताच येईना. लोक बघायला लागले.
लहान गाड्या संपल्या. मेलविन भोंग्यात ओरडतोय, फायनलवाले ड्रायव्हर, फळीवर या. दहावी गाडी, कौन है? भिंतीवरून बाबा, "अरे कोण चलवता, सांगा तरी!"
बॅटरी काढली, बसवली. गाडी वै.च्या हातात दिली. रिमोट अजून पायरीवर आहे.
मेलविन पुन्हा ओरडला. मी डायरी मिटतोय. वै. उठलीय. मी पण उठतो.